प्रस्तावना : मागच्यांच्या नोंदी, पुढच्यांचे प्रश्न

सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र सुरू झाले. अपुऱ्या आणि लहरी पावसावर काळ्या रानातून चार दाणे अधिक कसे काढायचे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्यानंतर पंच्याऐंशी वर्षांनी, २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची विमाने याच परिसरातल्या ढगांमध्ये बीजकण सोडत होती. एक प्रयोग मातीतला, दुसरा आकाशातला. माणसे वेगळी, यंत्रे वेगळी, शास्त्रशाखा वेगळ्या. तरीही आज शेतातली वाणांची चाचणी घ्या किंवा ढगांवरचा तो प्रयोग घ्या, दोन्हींची शिस्त एकच आहे : कोणत्या तुकड्यावर उपचार करायचा आणि कोणता तसाच राहू द्यायचा, हे प्रयोग करणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकून ठरवायचे. ही शिस्त इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड येथील शेतांवर घडली. तिथे १८४३ पासून गव्हाच्या एकाच शेताच्या नोंदी अखंड ठेवल्या जात होत्या. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा तरुण संख्याशास्त्रज्ञ त्या नोंदींचा अर्थ लावायला रुजू झाला आणि त्या कामातून प्रयोगांच्या आखणीचे नवे शास्त्र उभे राहिले. पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये शेती संशोधकांसाठी लिहिलेल्या ग्रंथामुळे ते भारतातल्या कृषी महाविद्यालयांत रुळले. गव्हाच्या शेतात जन्मलेली पद्धत सोलापूरच्या ढगांपर्यंत पोचली ती अशी.

या पुस्तकाचा विषय हाच आहे : एका शाखेतले संशोधन दुसऱ्या शाखेतल्या आधीच्या कामावर कसे उभे राहते. विषय जगभरचा असला तरी मांडणीसाठी मुद्दाम एकच जिल्हा निवडला आहे. थोर शास्त्रज्ञांची चरित्रे वाचून असा समज होतो की ज्ञान एका बुद्धिमंताकडून दुसऱ्याकडे थेट जाते. प्रत्यक्षात ते प्रयोगकेंद्रांच्या वार्षिक अहवालांतून, बियाण्याच्या पिशव्यांतून, पर्जन्यमापकाच्या वह्यांतून आणि फसलेल्या शिफारशींतून जाते, आणि हे सारे एका जिल्ह्यात जवळून पाहता येते. माझे म्हणणे थोडक्यात असे : मागचे संशोधन पुढच्याच्या उपयोगी पडते ते त्याचे निष्कर्ष बरोबर होते म्हणून नव्हे, तर ते कसे काढले हे पुन्हा तपासता येईल अशा रीतीने नोंदवलेले होते म्हणून. निष्कर्ष जुने होतात, कधी चुकीचेही ठरतात. पद्धत, परिस्थिती, मोजमाप आणि अपयश यांची प्रामाणिक नोंद मात्र जुनी होत नाही. तिचा खरा लाभार्थी बहुधा असा कोणी असतो, ज्याची नोंद करणाऱ्याला कल्पनाही नव्हती.

मातीपासून सुरुवात करू. कोरडवाहू शेतीचा पद्धतशीर अभ्यास पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ मध्ये व्ही. ए. ताम्हणे यांनी सुरू केला. इम्पीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च ही संस्था १९२९ मध्ये स्थापन झाल्यावर तिच्या पैशातून सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशी पाच केंद्रे उभी राहिली. सोलापूरच्या कामाशी एन. व्ही. कानिटकर यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की मातीकडे वळण्याआधी ही मंडळी खेड्यातली माणसे आणि त्यांची कर्जे मोजत होती. मुंबई इलाख्याच्या शेती खात्यातले रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांत ताम्हणे आणि कानिटकर होते. १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावावरचा दुसरा अभ्यास मान आणि कानिटकर यांनी मिळून लिहिला. जमिनीचे तुकडे, बैलांची संख्या, सावकाराचे देणे, वर्षाची मिळकत हे सारे त्यात आकड्यांनी मांडलेले होते. पुढे ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ म्हणून जी शिफारस तयार झाली तीत बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदाच खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी एवढ्याच गोष्टी होत्या. घरचे बैल आणि घरचे खत असलेल्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे तीत काही नव्हते. अर्थशास्त्राची पाहणी आणि मृदाशास्त्राची शिफारस त्याच माणसांच्या हातून झाली, हे इथे विसरता येत नाही.

त्या पद्धतीचे यश मात्र माफक होते. उत्पादन मुळात इतके कमी, की हेक्टरी दोनशे ते चारशे किलोच्या पायावर पंधरा-वीस टक्क्यांची भर पडली तरी शेतकऱ्याच्या कणगीत तो फरक ठळक दिसेना. शिफारशी खेडोपाडी पसरल्या नाहीत आणि दशकभरानंतर ती योजना थंडावली. एवढ्यावरच हिशेब संपवला तर सोलापूरचे ते काम फसले असे म्हणावे लागेल. पण कानिटकरांनी १९४४ मध्ये सगळे प्रयोग एका प्रबंधात बांधून ठेवले : पाऊस किती पडला, त्यातला किती वाहून गेला, किती मुरला, ओल किती खोलीवर किती दिवस टिकली. १९७० मध्ये कॅनडाच्या मदतीने अखिल भारतीय कोरडवाहू शेती समन्वित प्रकल्प उभा राहिला, त्यात सोलापूर पुन्हा केंद्र झाले. नव्या संशोधकांना पाटी कोरी करून बसावे लागले नाही. ओल टिकवण्याचे उपाय एकट्याने पुरे पडत नाहीत. त्यांना साजेसे वाण आणि खत यांची जोड लागते, हे जुन्या आकड्यांनीच त्यांना दाखवून दिले होते. उत्पादनवाढ अल्प निघाली हा निष्कर्ष निराशाजनक होता. ती अल्प का निघाली, हे शोधण्याची सामग्री जपलेली होती म्हणून तो वाया गेला नाही.

निष्कर्ष आणि कारणमीमांसा या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे कोळपणीच्या उदाहरणात फार स्पष्ट दिसते. रब्बी ज्वारीला तीन कोळपण्या सांगितल्या जातात : पीक तीन आठवड्यांचे झाले की फटीच्या कोळप्याने, पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने. पहिल्या दोन वेळी रानात अजून वाव असतो, तण निघते आणि वरची माती मोकळी होते. आठव्या आठवड्यापर्यंत काळी जमीन आवळू लागते, पिकाच्या ओळींमधून भेगा पडतात आणि त्या रुंदावत खोल जातात. दातेरी कोळपे त्या भेगांच्या तोंडाशी भुसभुशीत माती लोटते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी कोरडवाहू शेतीचे पुरस्कर्ते याचे कारण असे सांगत, की मातीतल्या केसांसारख्या नळ्यांतून पाणी वर चढते आणि उडून जाते. वरचा थर मोकळा केला की त्या नळ्या तुटतात. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रँक वीमायर यांनी फळबागांतली ओल मोजली, तेव्हा आढळले की भूजल खोल असेल तर असे वर चढणारे पाणी नगण्य असते. मोठी चोरी तणे करतात. मग कोळपणी निरर्थक ठरली का? नाही. १९६४ मध्ये ॲडम्स आणि हँक्स यांनी टेक्ससमधल्या आवळणाऱ्या चिकण जमिनीत भेगांच्या भिंतींवरून होणारे बाष्पीभवन मोजले आणि भेगा उघड्या राहण्याची किंमत कळली. कोळपे तेच, वेळाही त्याच, पण त्यामागचे भौतिकशास्त्र पार बदलले. कोळपणीमुळे ओल राहते ही मूळ नोंद खरी होती, म्हणून कारण चुकले तरी तिचा आधार सुटला नाही.

उलट दिशेचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. दुष्काळी कामांतून आणि पुढे मृदसंधारणाच्या मोहिमांतून दख्खनमध्ये समपातळी बांध मोठ्या प्रमाणावर घातले गेले. हलक्या, मुरमाड जमिनीत ते उपयोगी पडले. खोल काळ्या जमिनीत मात्र पाणी बांधाला तुंबून राही, पीक पिवळे पडे, आणि मोठ्या पावसात बांध फुटून आधीपेक्षा अधिक माती वाहून जाई. म्हणून अशा जमिनींसाठी उताराचे बांध, बंदिस्त वाफे आणि जमिनीच्या खोलीनुसार पिकांची निवड असे उपाय पुढे आले. आज सोलापूर केंद्राच्या शिफारशीप्रमाणे पावसाळ्यात सारा यंत्राने वाफे पाडून पाणी जागच्या जागी मुरवणारा शेतकरी एका अपयशाचे फळ चाखत असतो. बांध कुठे टिकले आणि कुठे फुटले याची जमिनीच्या प्रकारासह नोंद झाली नसती, तर बांधच वाईट किंवा शेतकरीच अडाणी, या दोन सोप्या निष्कर्षांपैकी एकावर आपण थांबलो असतो.

आता पिकाकडे. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात मालदांडी या स्थानिक ज्वारीतून निवड पद्धतीने एम ३५-१ हा वाण वेगळा काढण्यात आला. पावसाळा संपता संपता पेरायचा, जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढणारा, थंडी सोसणारा, खोडमाशीला बऱ्यापैकी दाद न देणारा, मोत्यासारख्या दाण्याचा, चवदार भाकरीचा आणि भरपूर कडब्याचा हा वाण नव्वद वर्षांच्या आसपास शेतात उभा आहे. या निवडीमागचा विचार मोहोळचा नव्हता. एकाच रोपाची स्वपरागित संतती वेगळी वाढवली तर ती स्थिर राहते, हे डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसेन यांनी १९०३ मध्ये घेवड्याच्या दाण्यांची वजने करून दाखवले होते. घेवड्यावरचा सिद्धान्त ज्वारीवर चालला. पण सिद्धान्ताने मालदांडी निर्माण केली नाही. ज्या पिढ्यांनी माणदेश, मंगळवेढा आणि भीमा-सीना खोऱ्यांतल्या रानांत दरवर्षी कणसे निवडून बियाणे राखले, त्यांनी ती घडवली. मोहोळच्या संशोधकांच्या आधीचे संशोधन ते हेच.

इथे एक रास्त आक्षेप येतो. शास्त्रीय परंपरेचा असा गौरव करताना आपण फक्त छापील कामाची वंशावळ काढतो. ज्यांचे नाव कोणत्याही प्रबंधावर नाही त्यांचे काम गृहीत धरतो. आक्षेप खरा आहे आणि त्याला पळवाट नाही. मालदांडीच्या मूळ निवडणाऱ्यांची नावे कुणीच लिहून ठेवली नाहीत, आणि त्यामुळे झालेले नुकसान केवळ श्रेयाचे नाही. कोणत्या रानात, कोणत्या गुणासाठी, कोणती कणसे बाजूला काढली जात, हे कळले असते तर आजच्या पैदासकाराचे काम सोपे झाले असते. २००१च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणी करण्याची सोय केली आणि २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. ही पावले योग्य दिशेची आहेत. पण माझ्या मुख्य मुद्द्याला या आक्षेपाने बळच मिळते : ज्ञान असणे पुरेसे नाही, ते पुढच्याला तपासता येईल अशा रूपात उतरले पाहिजे. शेतकऱ्याचे ज्ञान त्या रूपात उतरवून घेणे ही संशोधन संस्थांची जबाबदारी होती आणि आहे.

दुसरा आक्षेप असा, की विज्ञानातली खरी झेप जुन्याला धरून होत नाही, जुने मोडून होते. ज्वारीचेच पाहा : १९५४ मध्ये टेक्ससच्या स्टीफन्स आणि हॉलंड यांनी ज्वारीतले कोशद्रव्यी नरवंध्यत्व वापरण्याची रीत दाखवली आणि दहा वर्षांत, १९६४ मध्ये, भारताचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ आला. खरिपात संकरितांनी उत्पादनाचे चित्र पालटले, हे मान्यच केले पाहिजे. पण रब्बीत ते घडले नाही. खरिपाचे वाण थंडीत अडखळले, खोडमाशीला आणि खडखड्या रोगाला बळी पडले, आणि त्यांच्या दाण्याची भाकरी घरच्यांना रुचली नाही. त्यामुळे रब्बीच्या प्रत्येक नव्या वाणाला चाचणीत एम ३५-१च्या शेजारी उभे राहून स्वतःला सिद्ध करावे लागले. मोडायचे असले तरी कशाच्या तुलनेत मोडले हे दाखवावे लागते, आणि ती तुलना जुनाच वाण पुरवतो. इतकेच नव्हे, तर मालदांडीतच नरवंध्यत्वाचा एक वेगळा स्रोत सापडला. जगभरचे ज्वारी पैदासकार त्याला ‘ए४’ किंवा ‘मालदांडी’ कोशद्रव्य म्हणून ओळखतात. भाकरीसाठी निवडलेल्या वाणात पेशीविज्ञानाला हवे असलेले काही दडलेले असेल, हे १९३०च्या दशकात कुणाच्या स्वप्नातही नव्हते. २००९ मध्ये ज्वारीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तो अमेरिकी वाणाचा. पण त्या नकाशावर दुष्काळ आणि खोडमाशी सोसणारी जनुके शोधायची तर सोसणारे झाड हाती असावे लागते, आणि ते देशी रब्बी वाणांनी दिले.

फळबागेत ही वंशावळ शब्दशः लिहिलेली सापडते. पुण्याच्या गणेशखिंड बागेत जी. एस. चीमा यांनी १९३६ मध्ये आळंदी डाळिंबातून एक निवड केली. १९७० मध्ये तिला ‘गणेश’ नाव मिळाले. गणेश आणि रशियन ‘गुल-ए-शाह रेड’ यांच्या संकरातून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे ‘भगवा’ दिला, आणि सांगोला-पंढरपूरच्या माळरानांचे अर्थकारण त्यावर उभे राहिले. २००५ मध्ये सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. त्याने २०१७ मध्ये लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व अधिक असलेला ‘सोलापूर लाल’ वाण दिला. त्याच्या कुळात एका बाजूला भगवा आहे, दुसऱ्या बाजूला गणेश, शोभेचा बुटका ‘नाना’ आणि हिमालयातले रानटी आंबट ‘दारू’ डाळिंब. शोभेचे आणि रानटी झाड जपणाऱ्यांनी ते पोषणमूल्यासाठी जपले नव्हते. तीच गोष्ट रोगाची. बागाच्या बागा उद्ध्वस्त करणारा तेल्या सोलापूरला नवा वाटला, पण त्याची शास्त्रीय नोंद १९५२ मध्ये दिल्लीला झाली होती. तेव्हा डाळिंब फारसे कुणाच्या खिजगणतीत नव्हते. जिवाणू ओळखण्यापासून आरंभ करावा लागला नाही, तो त्या दुर्लक्षित नोंदीमुळे.

ढगांकडे वळताना तिसऱ्या आणि सर्वांत गंभीर आक्षेपाला सामोरे जावे लागते : मागच्यावर रचत गेलो तर मागच्यांच्या चुकाही रचत जाऊ. मेघबीजनाच्या इतिहासात हा धोका पुरेपूर दिसतो. १९४६ मध्ये अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी कोरड्या बर्फाने ढगात हिमस्फटिक तयार करून दाखवले आणि जगभर कृत्रिम पावसाची आशा पसरली. इस्राएलमधल्या १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या दोन प्रयोगांनी पाऊस वाढल्याचे सांगितले आणि ते अनेक वर्षे आदर्श मानले गेले. १९९५ मध्ये रँग्नो आणि हॉब्ज यांनी तीच आकडेवारी पुन्हा चाळून त्यांवर गंभीर शंका घेतल्या. २०१३ ते २०२० या काळात इस्राएलने नव्याने केलेल्या प्रयोगात लक्षणीय वाढ आढळली नाही. आता पाहा, चूक उघडी पडली कशाने? जुन्या प्रयोगाची आखणी आणि रोजचे आकडे उपलब्ध होते याने. मागच्या संशोधनावर विश्वास ठेवणे आणि ते तपासणे या दोन विरुद्ध वृत्ती नाहीत. जे तपासता येते त्यावरच रचता येते. जे तपासता येत नाही त्यावर रचलेले कोसळते तेव्हा कारणही सांगता येत नाही.

आपल्याकडे उत्तर भारतात १९५७ ते १९६६ दरम्यान मीठ वापरून आणि पुढे १९७३ ते १९८६ दरम्यान अकरा पावसाळे बारामती-अहमदनगर पट्ट्यात विमानातून प्रयोग झाले. महाराष्ट्रातल्या त्या प्रयोगात सरासरी २४ टक्के वाढ नोंदली गेली. तरीही पुण्याच्या संस्थेने तो आकडा अंतिम मानला नाही. पाऊस वाढला हे जमिनीवरच्या मापकांनी सांगितले होते. ढगाच्या आत काय घडले हे पाहण्याची साधने तेव्हा पुरेशी नव्हती. म्हणून २००९ पासून कायपीक्स हा प्रकल्प आधी नुसती मोजमापे घेत राहिला : हवेतले कण किती, थेंब केवढे, ते एकमेकांना मिळून मोठे कधी होतात. मग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले सोलापूर निवडून रडार, विमाने आणि पर्जन्यमापकांचे जाळे यांच्या साहाय्याने चिठ्ठीपद्धतीचा प्रयोग झाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की बीजन केलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेच्या बाजूला सुमारे शंभर चौरस किलोमीटरांत पाऊस सरासरी १८ टक्के आणि काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत वाढला. या आकड्याचे स्वागत करतानाच त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे : योग्य ढग असतील तरच हे घडते, कोरड्या आकाशातून पाणी काढण्याची ही युक्ती नव्हे. दुष्काळ हटवण्याचा उपाय म्हणून तो विकला जाऊ नये. पुढच्या संशोधकाने तो कठोरपणे तपासावा, इस्राएलचे झाले तसे झाले तरी चालेल. चूक सापडण्याची सोय ठेवणे हाच त्या कामाचा खरा मोठेपणा असेल.

चौथा आक्षेप सोलापूरच्या शेतकऱ्याच्या तोंडी अधिक शोभतो : विहीर आज कोरडी आहे, नव्वद वर्षांपूर्वीच्या वह्या जपून मला काय मिळणार? या प्रश्नाला हलके उत्तर देणे अन्यायाचे होईल. तातडीच्या मदतीची जागा संशोधन घेऊ शकत नाही आणि घेऊ नये. पण तातडीच्या कामालाही दिशा लागते. १८७७च्या भीषण दुष्काळानंतर पावसाचे भाकीत करा, अशी मागणी सरकारने हवामान खात्याकडे केली. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयातल्या बर्फाचा मान्सूनशी संबंध मांडला. १९०४ मध्ये खात्याची सूत्रे घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या केंद्रांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या. भरवशाचे भाकीत त्यांच्या हाती लागले नाही. पण पूर्व आणि पश्चिम प्रशांताच्या वायुदाबाचा झोका त्यांना दिसला, आणि १९६९ मध्ये याकोब बियेर्कनेस यांनी त्याचे नाते एल निनोशी जोडले. आज मान्सूनच्या हंगामी अंदाजात एल निनोचा विचार झाल्याशिवाय राहत नाही. दुष्काळाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळायला जवळपास एक शतक लागले. मधल्या कोणी तरी आपले अपयश लपवले असते, तर कदाचित आणखी एक शतक गेले असते.

म्हणून या पुस्तकाच्या वाचकांकडे, विशेषतः सोलापूरच्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांकडे आणि त्यांच्या शिक्षकांकडे, माझे मागणे ठोस आहे. आपल्या प्रबंधात मागच्या संशोधनाचा आढावा हे प्रकरण भरतीसाठी लिहू नका; ज्या अभ्यासावर तुम्ही उभे आहात त्याचे मूळ आकडे मागवून वाचा आणि त्यातला निदान एक निष्कर्ष स्वतः तपासा. प्रयोग फसला तर तो कशाने फसला हे जमीन, पाऊस, तारीख आणि वाण यांसह लिहून ठेवा. दुसऱ्या शाखेचे वाचा, कारण मृदाशास्त्राचे उत्तर कर्जाच्या पाहणीत आणि ढगांचे उत्तर गव्हाच्या शेतात सापडले आहे. ज्या संस्थांच्या कपाटांत जुने अहवाल, पर्जन्यनोंदी आणि देशी वाणांचे बियाणे आहे, त्यांनी ते रद्दी किंवा अडगळ न समजता ठेवा समजावे, त्यांच्या प्रती काढाव्यात आणि मराठीत त्यांचे सार उपलब्ध करून द्यावे, म्हणजे ज्याच्या शेतातून ते ज्ञान आले त्यालाही ते वाचता येईल. सरकारने संशोधनाचा पैसा तीन वर्षांच्या मुदतीत तोलू नये; मोहोळच्या एका निवडीचा हिशेब अजून चालू आहे. ज्ञानाची परंपरा आपोआप चालत नाही. दर पिढीत कोणी तरी नीट लिहिणारा आणि कोणी तरी शंका घेऊन वाचणारा लागतो. पुढील प्रकरणे अशा लिहिणाऱ्यांविषयी आहेत. वाचणारे होण्याचे काम आपले आहे.